उजवा खांदा आणि बुशचा पुलर

वरठीच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. खड्ड्यातून जाताना गाडीच्या पुढच्या चाकाजवळ खडखड वाजलं, की बहुतेक वेळा चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले असतात. ते मी सारा जन्म घणानं ठोकून काढले आणि त्यात उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा घण उचललात तर हात वर होणार नाही. गॅरेज बंद करावं लागणार, या विचारानंच मी जास्त थकलो.

शेवटी नागपूरहून बुश काढायचा पुलर आणला. लांब आट्यांचा बोल्ट आणि दोन्ही टोकांना वाट्यांसारखे तुकडे. नट फिरवत गेलं की जुना बुश सरकत बाहेर येतो, नवा तसाच आत बसतो. जोर लागतच नाही, असं दुकानदार म्हणाला होता. त्याला बोलायला काय जातं! साकोलीकडच्या एका ड्रायव्हरच्या गाडीचा आर्म शिकंज्यात धरला, पान्हा लावला, आणि खांद्यात अशी कळ आली की पान्हा भिरकावूनच दिला.

बायको नुकतीच रोवण्यावरून, भाताच्या लावणीवरून, आली होती. पायाचा चिखलही धुतला नव्हता.

"काहून चिडून राहिले? सरका."

"तुले नाही जमाचं."

"तुमाले तरी कुठं जमून राहिलं?"

मी तोंड पाडून बाजूला झालो. ती दोन्ही हातांनी पान्हा ओढू लागली. जुना बुश कुरकुरत निघाला. नव्याला तेल लावायला निघाली तेव्हा मी अडवलं. तेलानं रबर फुगतं, साबणाचं पाणी लावावं लागतं. पहिल्यांदा तो तिरपा घुसला. मी ओरडलो. माझ्याकडे न बघता तिनं तो काढला आणि पुन्हा लावला. दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई माझं काम करत होती आणि मी स्टुलावर बसून "हळू, हळू" म्हणत होतो. लाज वाटली. खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

सकाळी ड्रायव्हर गाडी फिरवून आला. "आवाज गेला ना भाऊ! तुमचा हात अजून तसाच आहे."

"हात हिचा आहे," मी म्हणालो. त्याला ती थट्टाच वाटली.

"माझ्या साळ्याची गाडीबी वाजून राहिली. आजच आणू का?"

आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला मी परस्पर होकार देत आलो. या वेळी तिच्याकडे पाहिलं. ती डबा घेऊन रोवण्यावर निघाली होती, रात्री उशिरापर्यंत बुश बसवत राहिल्यानं डोळे लाल.

"सांजच्याले आणा," ती म्हणाली. "मी आली का बसवून देऊ."