टाकं एक, कासवं तीन

आमची मोठी जाऊ पंचफुलाबाई म्हणजे एकोप्याचं येड लागलेली बाई. देवळीच्या बाजारात भाजी विकते, अन् घरी आल्यावर सगळ्याइले एकाच परातीभोवती जेवाले बसवते. बारा वर्सं झाले मी मागून राह्यली, "बाई, मागच्या खोलीत मले माही चूल मांडू द्या." तर म्हणे, "शकुंतला, मी जित्ती आहो तोवर या घरात दुसरी चूल पेटनार नाई." झालं!

यंदा उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढाचा होता. आतलं म्हातारं कासव बाईनं भाजी धुवाच्या टाक्यात आणून ठेवलं. ते कासव सासूनं विहिरीत सोडलं होतं. मरताना बाईचा हात धरून म्हणे, "याले सांभाळजो." तवापासून बाईचा त्याच्यावर भलता जीव.

त्याच आठवड्यात तिची पोरगी अंजू नागपूरहून आली. तिच्या घरची कासवाइची काचेची पेटी फुटली म्हणून तिनं आपले दोन विकतचे कासव आईकडे ठेवले. कानापाशी लाल पट्टा, अंगानं चांगले पोसलेले. बाईनं ते दोन्ही त्याच टाक्यात सोडले. वरून तिघाइले खाणं एकाच ताटलीत!

"बाई, हे विहिरीतलं, ते दुकानातले. जमन का त्याइचं?"

"एका ताटात खातीन तं आपोआप जमन."

कायचं जमते! लाल पट्टेवाले ताटलीवर तुटून पडत, अन् म्हातारं जवळ आलं का त्याच्या पायाले चावत. पाचव्या दिवशी ते कोपऱ्यात मान आत घेऊन बसलं. मागच्या पायाले जखम, अन् खाईच ना. बाई त्या दिवशी बाजाराले गेली नाई. टाक्याच्या काठावर बसून रडून राह्यली. "सासूबाईनं सांभाळजो म्हटलं, अन् म्याच मारलं त्याले." मले तिचा कितीही राग असो, तिले तसं पाहून माह्याही डोळ्यात पाणी आलं.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषध लावलं अन् बाईले चांगलंच झापलं. "सगळ्यांना एकत्र कोंबलं तर एखादं मरणारच. अन् ती विकतची विहिरीत सोडू नका हं, तिथंही हेच होईल."

घरी येताच बाईनं अंजूचे कासव गोठ्यातल्या जुन्या हौदात हलवले. तीन दिवस म्हातारं तसंच. बाईच्याही घशाखाली घास उतरेना. चौथ्या सकाळी तिनं गांडूळ टाकला. मान हळूच बाहेर आली, अन् गपकन गिळला!

"खाल्लं वं शकुंतला, खाल्लं!" बाई लहान पोरीवानी ओरडली.

गाळ निघाला, अन् पायाची जखम भरल्यावर कासव परत विहिरीत गेलं. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत खडखड ऐकू आली. जाऊन पाह्यलं तं बाई विटा रचून राह्यली.

"हे काय करता, बाई?"

"तुही चूल," मान वर न करता ती म्हणे. "पण सकाळचा चहा माह्याकडेच प्याले येजो."