फटफटीला दिलेलं वंगण

होळीच्या आदल्या आठवड्यात रनाळ्याला घरी पोचलो, तर अंगणात माझी फटफटी नव्यासारखी चमकत उभी होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, तिच्यावर जुनी गोधडी पांघरली होती. बैलावर झूल घालतात तशी...

माझी शाळा चौथीपर्यंतच. एका जागी टिकणं माहीत नाही... सुरतेला गेलो, तिथून मनमाडला, आता इकडे भिलाईला लोखंडाच्या कारखान्याच्या बांधकामावर. सुरतेच्या एका मिस्त्रीकडून ही छोटी फटफटी घेतली, तेव्हा वाटलं होतं आता आपण कुठंही जाऊ. पण भिलाईला निघताना ती आबांकडे सोपवावी लागली.

जाताना मी त्यांना सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा पुसा, उन्हात ठेवू नका. बाकी काही सांगितलं नाही. आबा सगळा जन्म बैलगाडी हाकलेला माणूस, त्यांना काय शिकवायचं, असं वाटलं...

आठ महिने त्यांनी गाडी पुसली, पण एकदाही तिच्यावर बसले नाहीत. माय म्हणाली, मुलं हात लावायला आली की काठी घेऊन धावायचे.

मी गावातून एक चक्कर मारली. ब्रेक जरा सैल वाटला. नट आवळला आणि विसरून गेलो... सपाट रस्त्यावर काय कळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीकाठच्या गावाहून निरोप आला. माझी फुई, म्हणजे आबांची थोरली बहीण, शेवटच्या घटका मोजत होती. सारखं भावाचं नाव घेत होती. आबांची आई लवकर गेली, त्यांना फुईनेच कडेवर वाढवलं.

बैलगाडीने दिवस मोडला असता. मी म्हणालो, फटफटीवर दीड-दोन तासांत पोचू. आबांनी आतून फुईसाठी एक कोरं लुगडं आणलं, ते छातीशी धरलं आणि पहिल्यांदा माझ्यामागे बसले. वाटेत एकदाच बोलले... "जरा दमानं, पन लवकर."

अर्ध्या वाटेवर नाल्याचा उतार आहे. तिथं मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना... पुढचा नाही, मागचा नाही. गाडी अशी सुसाट सुटली की जणू कुणी मागून ढकलतंय. खालच्या दगडांत आम्ही दोघे पडलो.

मला खरचटलं. आबांचा पाय गुडघ्याखाली मोडला. लुगडं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

दुपार टळेपर्यंत कुणी आलं नाही. मग कापसाची एक बैलगाडी आली. गाडीवाला म्हणाला, माघारी नेतो, हाड बसवून घ्या. आबा ऐकेनात, बहिणीकडेच चला म्हणाले... पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. फुई दुपारीच गेली होती. भाऊ येतोय म्हणून लोकांनी खूप वाट पाहिली, अंगावर माहेरचं लुगडं पडावं म्हणून मयत थांबवून धरलं. शेवटी सूर्य कलला, तसे निघाले...

चिता पेटलेली होती. आबा गाडीत पडल्या पडल्या तिकडे बघत होते. लुगडं मांडीवर तसंच. रडले नाहीत.

पाच-सहा दिवसांनी फटफटी घरी आणली. आबा अंगणात खाटेवर, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्यांना भेटायला आलेले शेजारी बसले होते. मी चाक खोललं आणि वास आला... एरंडेलाचा.

ब्रेकचा डबा आतून एरंडेलाने थबथबलेला होता. दोन्ही चाकांत तेच. बैलगाडी जुंपण्याआधी आखाला जसं वंगण देतात, तसं आबांनी आठ महिने माझ्या गाडीला दिलं होतं. जिथं आख चाकात शिरतो, तिथंच... आत ब्रेक असतो, तो तेलाने निसटतो, हे त्यांना कोण सांगणार? बैलगाडीला ब्रेक असतो कुठं.

"काय निंघनं रे?" आबांनी खाटेवरून विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणालो, "ब्रेकना लायनर घसाई ग्यात, आबा. मन्हीच चूक. निंघाना आधी पाहाले पाहिजे होतं."

 आबा शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "लोखंडना कारखानामा काम करस हाऊ पोऱ्या. आन दोन चाकं सांभाळता येत नहीत." मग माझ्याकडे न बघता... "मी तं दर शनवारे वंगण देत होतू. चाकले काही कमी पडू दिधं नही."

"हो आबा," मी म्हणालो. एरंडेल पुसलेला चिंधीचा बोळा मुठीत दाबून धरला होता.

गाडी घरी ठेवली असती, तर त्यांनी पुन्हा तेल दिलं असतं. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून नंदुरबार स्टेशनवरून मालगाडीत चढवून ती इकडे आणली. आबांना वाटलं, पोराचा भरवसा उडाला. निघताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं...

आता ब्रेक चांगला लागतो. मी रोज त्याच गाडीने कामावर जातो.

तुम्हा वाचणाऱ्या दोस्तांसाठी हे लिहिलं, कारण एकट्याने पेलवेना. आबांना वाचता येत नाही. रनाळ्याचं कुणी हे वाचत असेल, तर एवढं करा... त्यांच्या कानावर घालू नका. ते माझ्यावर रागावलेत, रागावलेलेच राहू द्या. बहिणीची भेट कुणामुळे चुकली, हे ठरवायला त्यांना एक माणूस लागतो. तो मी असलेला बरा.