टिटवीच्या अंड्यांपाशी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, अन् पक्षी बघायचा नादही मलाच. त्या सकाळी टिटवी ओरडत होती, म्हणजे अंडी वावरातच होती. वडील ट्रॅक्टरनं रान फणत, ढेकळं फोडत जवळ येत होते. मी दुर्बिणीतून पार धुऱ्यापर्यंत, बांधाच्या कडेपर्यंत शोधलं, पण काही दिसेना.

तेवढ्यात आमची कुत्री ढेकळांत थांबली. तिच्या पायाशी मातीच्याच रंगाची चार अंडी होती. टिटवी तिच्या डोक्यावर झेपा घेत होती, तरी कुत्री हलली नाही.

"बी.ए. झालेलं पोरगं लांबच बघून राहिलं," वडील हसले आणि बाजेएवढी जागा सोडून त्यांनी ट्रॅक्टर वळवला.

घरी कोंबडीचं अंडं टिकू न देणारी ही कुत्री. तिनं या अंड्यांना तोंडसुद्धा लावलं नाही. मी दुर्बीण खाली ठेवून तिच्याकडंच बघत राहिलो.