अण्णांनी पाहिलेली नात

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खेडच्या एसटी स्टँडवर दापोलीच्या गाडीची वाट बघत होते. बुरोंडीला त्यांनाच बघायला निघाले होते. नवरा एवढंच म्हणाला, “आता घाई करू नकोस.” अण्णा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म समुद्रावर गेला. गुडघे दुखायला लागल्यावर होडी विकली आणि पडवीत बसून दुसऱ्यांची फाटलेली जाळी सांधून देऊ लागले. बोलणं कमीच. त्यांच्याबद्दल लिहावं असं आणखी कुणाला वाटेल की नाही, ठाऊक नाही. मला वाटतं, त्याला कारण आहे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. नववा महिना लागला आणि एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. डॉक्टर म्हणाले, ठोके नाहीत. तरी बाळंतपण व्हायचं ते झालंच. मुलगी होती. “बघायचंय?” नर्सने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “नको. डोळ्यांसमोरून हलायची नाही मग.” मायेनेच म्हणाल्या. नवरा बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. गुंडाळलेलं बाळ अण्णांनी हातात घेतलं आणि घरामागे काजूंच्या पलीकडे पुरलं. मी घरी आले तेव्हा झबली-दुपटी सगळी कुठेतरी हलवलेली होती. दूध मात्र आलं... त्याला कुणी कळवलं नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, वय आहे तुझं, दुसरं होईल. एकदा पडवीतून अण्णांचा आवाज आला, “दुसरं होईल ते दुसरं. गेली तिच्याबद्दल बोलायचं असेल तर बोला, नाहीतर चहा घ्या.”

नवरा लवकरच मुंबईला कामावर गेला. फोनवर आम्ही जेवलीस का, जेवलास का, एवढंच बोलायचो. एका दुपारी मी अण्णांना चहा नेऊन दिला आणि तिथेच उभी राहिले. विचारलं, “कशी होती हो?” त्यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. “बस गो,” म्हणाले. मग सावकाश सांगितलं. केस दाट होते, कपाळाला चिकटलेले. हनुवटी माझी. एक कान जरा दुमडलेला, त्यांच्या आईचा होता तसा. “हाताला भरलेली लागत होती,” म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

“मला ती जागा दाखवा,” मी म्हटलं. ते म्हणाले, “मी नाही. तो दाखवील.” शिमग्याला नवरा आला तेव्हा अण्णा त्याला काजूंकडे घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं, दोघांनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी नवरा म्हणाला, “चल.” आम्ही दोघं तिथे बराच वेळ बसलो. तिचं नाव तिथेच ठरलं.

पुढे आम्हाला मुलगा झाला. काही वर्षांनी अंजनवेलला अण्णांच्या भाचीवर तीच वेळ आली. अण्णा मला घेऊन हॉस्पिटलात गेले. नातेवाईक बाळ घेऊन निघायच्या बेतात होते. अण्णा दारात उभे राहिले. “तिला विचारलंत?” बाळ घेतलेली बाई थांबली. “विचारा. नको म्हणाली तर न्या. त्यात भिण्यासारखं काय? तिचंच आहे ते.” भाचीने बाळ मांडीवर घेतलं, तिच्या नवऱ्याने त्याची बोटं हातात धरली. अण्णा बाहेर बाकावर बसून राहिले. कुणी आत जाऊन घाई करू नये म्हणून.

अण्णांची एक सवय होती. नातवंडं किती, असं कुणी विचारलं की ते सांगायचे, “दोन. थोरली गेली.” ऐकणारा चपापायचा, सासूबाई उठून आत जायच्या. बाराव्याला पंगतीत लांबच्या एका पाहुण्यांनी सासूबाईंना विचारलं, “नातू एकटाच काय?” त्या भात वाढत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, “नाही... आधी नात झाली होती.”

“नाव काय ठेवलेलं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“मुक्ता,” मी सांगितलं.

“मुक्ता,” सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.