शेवटी ठेवलेला चढ

घरोघरी जाऊन जखमा धुणाऱ्या, औषधं टोचणाऱ्या त्या नर्सला दवाखान्यात सगळे 'घड्याळबाई' म्हणायचे. दहा म्हणजे दहा. एका पेशंटने तर तिची घंटी ऐकून भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे केलं होतं म्हणे. बावीस वर्षं तिने हे काम साध्या सायकलवर केलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दवाखान्याने तिला विजेवर चालणारी सायकल दिली. नवी नव्हे, दोघांनी वापरून झालेली. तरी मागून कुणी हात लावून ढकलावं तशी ती पळायची, आणि पहिला आठवडा बाई हवेतच होती.

यादीत अकरा घरं. दहा सपाटीवर, आणि अकरावं टेकडीच्या माथ्यावर. तिथे एक म्हातारा आपल्या मुलीजवळ राहायचा. त्याचा उभा जन्म गोदामातल्या, माल उचलणाऱ्या बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेला होता. आता कॅन्सर हाडांत उतरला होता. दंडाला लावलेल्या छोट्या पंपातून वेदनेचं औषध थेंबाथेंबाने अंगात जायचं. पंप चोवीस तास पुरायचा. तो भरायचं काम नर्सचंच, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"सिस्टर, सायकल विजेची आणि धाप तुम्हाला?" पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्याने विचारलं.

"काय सांगू काका, सकाळी वाऱ्यासारखी पळते. इथे येईपर्यंत हिचा जीवच जातो. आणि पडद्यावर बॅटरीच्या काड्या बघाल तर तीन दिसतात!"

म्हातारा खूश झाला. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी त्याच्या कामाचं विचारत होतं. "गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळाला जोर असतो ना? पाणी खाली गेलं की धार बारीक. बॅटरी उतरते तसा तिचा दाबही उतरतो. सपाटीवर कळत नाही, कारण तिथे ताकद लागतेच किती? चढावर मोटर एकदम जास्त मागते, आणि दाब अजून खाली बसतो. जुनी बॅटरी असेल तर फारच. खाली तीन काड्या दिसतात, चढावर बघा, एकच असेल."

दुसऱ्या दिवशी तिने चढावर बघितलं. एकच होती. वर पोचून सायकल थांबवली, तर दोन मिनिटांत पुन्हा दोन झाल्या.

"मग करू काय?"

"सोपं आहे. चढ आधी, सपाटी नंतर. भरल्या बॅटरीवर वर या, उतरताना तिला दम खाऊ द्या."

दवाखान्यात फेरे ठरवणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी मान डोलावली, पंपाची वेळ सकाळी नऊची झाली. पुढचे दोन महिने बरे गेले. बाई वर यायची, पंप भरायची, म्हातारा तिला मोटरचा आवाज कसा ओळखायचा ते शिकवायचा, आणि मुलगी दारात उभी राहून म्हणायची, "बाबा, त्यांना जाऊ द्या हो, दहा घरं आहेत अजून."

मग मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी सगळे फेरे संगणकाकडून लावून घेतले. संगणकाने अंतर मोजलं, टेकडी मोजली नाही. टेकडीवरचं घर पुन्हा शेवटी गेलं. वेळ दुपारी एकची.

"साहेब, ते घर पहिलं ठेवा. शेवटी सायकल चढत नाही."

"एका चार्जमध्ये चाळीस किलोमीटर जाते. तुमचा फेरा सव्वीसचा."

"प्रश्न अंतराचा नाही, जोराचा आहे."

"बाई, रोज तीन काड्या शिल्लक घेऊन परत येता तुम्ही. मी बघतो ना!"

ती गप्प बसली. साहेबांशी हुज्जत घालायचा तिचा स्वभाव नव्हता. पुढे ते गप्प बसणं तिला फार लागलं.

बारा दिवस कसंबसं निभावलं. तेराव्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. समोरून वारा. दुसऱ्या वळणावर मोटर मंदावली, तिसऱ्यावर बंद पडली. औषधांच्या पेटीसकट ते धूड पायांनी हलेना. बाई उतरली आणि ढकलू लागली. मग सायकल कुंपणाला टेकवून, पेटी छातीशी धरून चालत निघाली. अर्ध्या वाटेत फोन केला, "ताई, येतेय, पोचतेच आहे." पलीकडून नुसता विव्हळण्याचा आवाज येत होता. तो तिने ओळखला आणि ती पळायला लागली. गुडघ्यांनी तेही फार वेळ करू दिलं नाही.

ती पोचली तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती. पंप एकलाच रिकामा झाला होता. म्हाताऱ्याने तोंडात टॉवेल कोंबला होता. मुलगी त्याचे पाय धरून बसली होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. बाईने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेली जादा मात्रा दिली, पंप भरला. टॉवेल सुटायला वीस मिनिटं लागली.

"खाली किती काड्या होत्या?" म्हाताऱ्याने पुटपुटत विचारलं.

"तीन."

"आणि वळणावर?"

"एकही नाही, काका."

त्याने डोळे मिटले. तो आपल्याला माफ करतोय की नुसता थकलाय, हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती कुणाला न विचारता आधी टेकडीवर जाऊ लागली. साहेबांनी लेखी समज दिली. तिने सही केली आणि तिसऱ्या दिवशीही आधी टेकडीवरच गेली. म्हातारा आता मोटरबद्दल बोलत नसे. त्या दुपारनंतर सोळाव्या दिवशी तो पहाटे गेला. शेवटी त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण ती पन्नास मिनिटं कुणाच्या कागदावर आली नाहीत.

पुढच्या महिन्यात सायकली तपासायला माणूस आला. तिची बॅटरी हातात घेऊन म्हणाला, "ही कधीच बदलायला हवी होती." नवी बसवली. आता फेऱ्यात चढ एकही नव्हता.

उन्हाळ्यात एकदा भाजीच्या दुकानात म्हाताऱ्याची मुलगी समोर आली. बाईला वाटलं, तोंड चुकवावं. मुलगीच जवळ आली.

"तुमची चूक नव्हती, कळतं मला. पण राग येतो अजून. तुमचाच येतो."

"येऊ दे, ताई," बाई म्हणाली.

मुलीने मान हलवली, पिशवी उचलली आणि निघून गेली. बाई बराच वेळ वांग्यांच्या टोपलीपाशी उभी होती. दुकानदाराने दोनदा विचारलं, तेव्हा तिने काहीतरी उचललं.