प्रश्न संपण्याआधीचं 'हो'

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. फिजिक्सची पदवी घेऊन घरी बसले होते आणि माझे दोन उद्योग होते. सकाळी अप्पांच्या शेजारी बसून मोडीतल्या जुन्या बाडांची नक्कल करायची आणि दुपारी मामेभावाच्या गेमच्या दुकानात यंत्रांची पोटं उघडायची. आई म्हणायची, एका उद्योगानं हिचे डोळे जातील आणि दुसऱ्यानं लग्न. दोन्ही आजवर शाबूत आहेत.

माझे वडील, म्हणजे अप्पा, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तंजावूरच्या राजवाड्यामागं आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण देवनागरी वाचणारे थोडे आणि मोडी वाचणारे अप्पा एकटेच. त्यामुळं कुणाच्या माळ्यावर जुनं बाड निघालं की ते आमच्या दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, येऊन पडायचं. त्या वर्षी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वैद्यांनी आपल्या पणजोबांचं औषधांचं बाड आणून दिलं होतं. त्याला कसर लागलेली, पान उलटलं की कोपरा हातात यायचा. वैद्यांना संस्कृतामुळं देवनागरी यायची, मोडी येत नव्हती. बाडाचा भुगा व्हायच्या आत त्यांना नक्कल हवी होती.

अप्पांना काचबिंदू झाला होता. उन्हात बसून भिंगातून ते हळूहळू वाचू शकत, पण लिहायला गेले की ओळ डोंगर चढायची. म्हणून लिहिणं माझ्याकडं आलं. आमच्याकडं नक्कल पुरी झाली की शेवटी एक ओळ लिहायची रीत आहे: जसं दिसलं तसं लिहिलं. खाली लिहिणाऱ्याचं नाव. या वेळी तिथं माझं नाव येणार, असं अप्पांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. मला ते माझ्या पदवीपेक्षा मोठं वाटत होतं. पदवी वर्गातल्या साठ जणांना मिळाली होती.

लिहून झालेलं पान ताडून बघायची पद्धत अशी. मधल्या चौकात, ज्याला आम्ही मुत्तम म्हणतो, तिथं वरून ऊन यायचं. अप्पा मूळ पान भिंगाखाली धरून मोठ्यानं वाचायचे. मी माझ्या नकलेवर बोट ठेवून बसायचे आणि ओळ जुळली की "हो" म्हणायचे. सोपं काम होतं. मला ते कंटाळवाणं वाटायचं, कारण माझं लक्ष दुपारकडं लागलेलं असायचं.

दुपारचं जग अगदी निराळं होतं. मामाचा थोरला मुलगा, माझा अण्णा, आधी एसटीडी बूथ चालवायचा. मग त्यानं त्याच खोलीत दोन टीव्ही आणि दोन गेमची यंत्रं मांडली. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं टाऊन बसनं येऊन तासातासानं खेळायची. यंत्रं चेन्नैहून आणलेली, परदेशातून कशी आली ते कुणी विचारत नसे. डिस्कही तिकडूनच यायच्या, एकूण एक नकला. अस्सल डिस्क दुकानात एकच होती, खालून काळी कुळकुळीत. नकलांची खालची बाजू हिरवट निळी. ही चोरीच होती, आम्ही तिला दुकान म्हणत होतो इतकंच. त्या वयात मला त्याची लाज वाटली नाही. मला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची होती: यंत्राला अस्सल आणि नक्कल यांतला फरक कळतो कसा, आणि कळत असूनही ते नक्कल चालवतं कसं?

एक यंत्र तापलं की अडखळायचं. मग अण्णा त्याला उलटं ठेवायचा आणि ते सुतासारखं सरळ चालायचं. हे का, असं विचारलं तर तो म्हणायचा, चालतंय ना. मला असल्या उत्तरांचा भयंकर राग येतो. मी स्क्रू काढले. डिस्क वाचणाऱ्या लेझरच्या भिंगाची गाडी ज्या पट्टीवरून सरकते ती झिजली होती, म्हणून खोकं उलटं केलं की तिचा तोल बदलायचा. ते सापडलं आणि सोबत आणखी एक गोष्ट सापडली. मुख्य बोर्डावर एक आठ पायांची चिप कुणीतरी मागाहून चिकटवली होती. तिच्या बारीक तारा चार ठिकाणी डाख दिलेल्या. मूळ कारखान्याचं काम नव्हतं ते, डाख अगदीच ओबडधोबड होता.

अण्णाला इतकंच ठाऊक होतं की चिप काढली तर नकला चालत नाहीत. एवढं मला पुरेसं नव्हतं. मी टाऊन बस, मग मोठी बस करून तिरुच्चीला गेले. तिथं चिप बसवणारा एक तमिळ माणूस होता, टीव्ही दुरुस्त करता करता या धंद्यात आलेला. त्यानं माझ्यासाठी कॉफी मागवली आणि कागदावर वर्तुळ काढून समजावलं.

अस्सल डिस्कच्या अगदी आतल्या कड्यात, तो म्हणाला, लेझर ज्या वाटेवरून जातो ती वाट मुद्दाम किंचित डुलती केलेली असते. त्या डुलण्यात चार अक्षरं लपवलेली असतात. कोऱ्या डिस्कवर वाट आधीच आखलेली असते आणि नक्कल करणारं यंत्र त्याच वाटेनं जातं, त्यामुळं बाकी सगळा मजकूर उतरतो, पण ते डुलणं उतरत नाही. गेमचं यंत्र सुरू झालं की आधी आतल्या कड्यात जाऊन विचारतं: तू आमचीच ना? नकलेपाशी उत्तर नसतं. मग चिप तिच्या वतीनं ती चार अक्षरं म्हणते. यंत्राला वाटतं डिस्कच बोलली.

मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून हसत होते. एवढी मोठी कंपनी, एवढं किचकट कुलूप, आणि किल्ली कोणती, तर विचारलं की हो म्हणणारी एक चिप!

मग एक नवा गेम आला आणि माझं हसू उतरलं. सुरुवातीचं चित्र यायचं, आणि पुढं स्क्रीन काळी होऊन इंग्रजीत सूचना यायची की या यंत्रात फेरफार झालेला दिसतो. अण्णा म्हणाला, नक्कल बिघडलेली आहे. त्यानं दुसरी मागवली. तेच. शेवटी चेन्नैच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्या गेमची अस्सल डिस्क दोन दिवसांसाठी आणली. घातली. तीच सूचना.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी अण्णाला समजावू शकले नाही. त्याचं गिऱ्हाईक तुटत होतं आणि मी टाळ्या पिटत होते. यंत्र अस्सल डिस्कलाही नको म्हणतं, याचा अर्थ दोष डिस्कमध्ये नव्हता. मी चिपची एक तार सोडवली आणि पुन्हा तीच अस्सल डिस्क घातली. गेम सुरळीत चालू झाला. पकडली गेली होती ती चिप.

पण कशी? त्यासाठी पुन्हा तिरुच्ची, या वेळी यंत्र पिशवीत घालून. चिपवाला म्हणाला, गेम लिहिणारे आता शहाणे झालेत. खेळ सुरू झाल्यावर, लेझर डिस्कच्या मधल्या भागात असताना, गेम तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मधल्या भागात वाट डुलत नाही, म्हणून अस्सल डिस्क तिथं गप्प बसते. चिपला मात्र कुठं काय विचारलंय याच्याशी घेणं नाही. ती सुरू झाल्यापासून एकसारखी हो, हो, हो म्हणत असते. जिथं उत्तर असायलाच नको तिथं उत्तर आलं की चोर सापडला. त्यानं माझी चिप काढून संगणकाला जोडली आणि तिच्या पोटातला प्रोग्रॅम बदलून दिला. नव्या प्रोग्रॅमची चिप पहिल्यांदा उत्तर द्यायची आणि मग तोंड मिटून बसायची. गेम चालला. अण्णानं मला हलवा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुत्तममध्ये बसल्यावर मी हे सगळं अप्पांना रंगवून सांगितलं. ते खूप हसले. जिथं उत्तर नको तिथं विचारायचं, हा भाग त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. म्हणाले, हे ज्यानं शोधलं त्यानं कचेरीत नोकरी केलेली असणार.

त्याच आठवड्यात आम्ही डोळ्यांच्या औषधांपर्यंत आलो होतो. एका अंजनाच्या कृतीत "दुपदरी फडक्यातून गाळावे" ही ओळ लागोपाठ दोनदा होती. लिहिणाऱ्याची नजर घसरली असणार, असं मी ठरवलं आणि एकदाच लिहिली. अप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी व्याख्यान दिलं असतं, आणि मला दुकानात जायचं होतं. ताडून बघताना त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मी दोनदा "हो" म्हटलं. आणि पुढच्या ओळीवर बोट सरकवलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी अप्पा नेहमीच्या एकसुरी आवाजात वाचत होते. मधाचं प्रमाण आलं, हो. तांब्याच्या भांड्यात घोटावे, हो. थंड झाल्यावर खोके उलटे ठेवावे, हो. तीन दिवस झाकून ठेवावे, हो.

अप्पांनी भिंग खाली ठेवलं.

"खोकें कोठें आहे त्यांत?" त्यांनी विचारलं.

मी नकलेकडं बघितलं. मग मूळ पानाकडं. खोकं कुठंच नव्हतं. माझे कान तापले. काहीतरी विनोद करून वेळ मारून न्यावी असं मनात आलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाला जागा नव्हती. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते घाबरलेले दिसत होते.

त्यांना संशय बरेच दिवस होता. माझं बोट त्यांना दिसत नव्हतं, पण माझा "हो" त्यांची ओळ संपायच्या आधी यायला लागला होता, ते त्यांना ऐकू येत होतं. खात्री कशी करायची ते कळत नव्हतं. ती युक्ती मीच त्यांना दिली, तीही दोनदा सांगून.

मी गाळण्याच्या ओळीचं सांगून टाकलं. दुसरं कुठं असं केलंय का, त्यांनी विचारलं. जाणूनबुजून नाही, मी म्हटलं, पण न जाणता किती ते मला सांगता येणार नाही. हे उत्तर देताना मला रडू आलं.

"वैद्य हें लोकांच्या डोळ्यांत घालणार," अप्पा म्हणाले.

त्याच दिवशी ते माझा हात धरून वैद्यांकडं गेले आणि नक्कल चुकली आहे, वेळ लागेल, असं सांगून आले. कुणी चुकवली ते सांगितलं नाही. मीच गाळण्याचं विचारलं. वैद्य म्हणाले, पहिल्या गाळण्यात खडे निघतात, मग ते फडकं टाकून नव्या फडक्यातून गाळायचं, त्यात बारीक पूड निघते. एकदाच गाळलेलं अंजन डोळ्यांत खुपतं. ते अगदी सहज सांगत होते आणि मी जमिनीकडं बघत होते.

आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली. आता "हो" बंद. अप्पा एक ओळ वाचून थांबायचे आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मी माझ्या नकलेतून सांगायचा. तो शब्द त्यांच्या पानाशी जुळला तरच पुढं. पूर्वी तासात होणारं काम सकाळभर चालायचं. सात ठिकाणी चुका निघाल्या. गाळण्याची सोडली तर बाकी साऱ्या नुसत्या धांदलीच्या. एका जागी मी सुंठ लिहायचीच विसरले होते आणि तिथंही कधीतरी मी "हो" म्हटलेलं होतं.

त्या तीन आठवड्यांत मी दुकानात गेले नाही. अण्णानं निरोप धाडले, एक नवा गेम पुन्हा अडतोय म्हणून. कसा अडतोय ते बघायची फार इच्छा होती. नाही असं म्हणणार नाही.

शेवटचं पान ताडून झालं तेव्हा ऊन मुत्तमच्या भिंतीवर चढलं होतं. मी शाई भरली आणि शेवटची ओळ लिहिली, जसं दिसलं तसं लिहिलं. पुढं हात थांबला.

"नांव माझं घाल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, लिहिलंय मी." हे मी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांच्या नावावर माझं लिखाण जाणार, हे मला बघवत नव्हतं.

"तूंच लिहिलंस. पण उद्यां कोणाच्या डोळ्याला कांहीं झालं, तर विचारायला ते माझ्याकडं येऊंदेत."

मी त्यांचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत मला त्यांच्याकडं बघता आलं नाही.