पखवाजाची कणीक

तोंडवलीच्या आमच्या घरात गव्हाच्या पिठाचा डबा एकच होता आणि तो स्वयंपाकघरात नव्हता. तो पडवीत, बाबांच्या पखवाजाशेजारी असायचा. आम्ही तांदळाची माणसं. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, दुपारी भात, रात्री भाकरी. चपाती व्हायची ती घाटावरचा पाहुणा आला तरच. रेशनवर मिळालेले गहू आई दळून आणायची ते पखवाजासाठी. कुणी त्या डब्याला हात लावला की ती आतून ओरडायची, "पखवाजाचो डबो थयसरच ठेव गो!"

पखवाज ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांना सांगते. त्याच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची असते. डाव्या तोंडावर मात्र दर वेळी वाजवण्याआधी कणकेचा ओला गोळा थापावा लागतो. कणीक नीट बसली तर डाव्या हाताखालून भरीव, घुमणारा आवाज येतो. नसली तर रिकामा डबा बडवल्यासारखं वाटतं. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा नवी.

बाबा सकाळी होडीवर आणि संध्याकाळी भजनात. वाडीच्या भजनी मंडळाचा पखवाज त्यांच्याकडे होता. मी आठवीत असताना, अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या होत्या तेव्हा, त्यांनी मला शिकवायला घेतलं. मुलगा नाही म्हणून मुलीला शिकवतोय असं लोक म्हणायचे. साफ खोटं. मला धाकटा भाऊ आहे, पण त्याचा आणि तालाचा छत्तीसचा आकडा. मला मात्र ते जमलं. पहिल्याच महिन्यात भजनी ठेका हातात बसला, आणि बाबांनी आईला आत जाऊन सांगितलं, "चेडवाचो हात बरो आसा." पोरीचा हात चांगला आहे! मी दाराआड उभी राहून ऐकलं आणि आठवडाभर हवेत होते.

पण माझं सगळं वाजवणं पडवीपुरतं. शेजारची वयनी आमसुलं मागायला आली तरी ठेका कोलमडायचा. बोटं गार पडायची, तळहात ओले व्हायचे, आणि ज्या बोलांवर मी झोपेतसुद्धा चुकले नसते ते डोक्यातून साफ जायचे. वयनी गेली की सगळं परत जागेवर. मला स्वतःचा संताप यायचा. हात माझे आणि ते माझंच ऐकत नाहीत म्हणजे काय!

दोन हजार तीन साली आमच्या काकीने बायकांचं भजनी मंडळ काढलं. काकी मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिने सुरमईसाठी हाक दिली की रस्त्यापलीकडच्या दुकानातली गिऱ्हाइकं मान वळवायची. त्या आवाजात अभंग ऐकणं म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. ती पेटी वाजवत गायची, सोबत सात-आठ बायका झांजा घेऊन. अडलं ते पखवाजापाशी. तालुक्यात बाई पखवाजवाली नव्हती आणि भजन स्पर्धेत सगळ्या बायकाच हव्यात असा नियम. काकी थेट आमच्या पडवीत येऊन बसली.

"तू वाजवतलंस."

"माका जमूचा नाय, काकी. लोक बघतत."

"बघूंदेत. लोक काय तुका खातले?"

काकीला नाही म्हणण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आम्ही सावंतवाडीला स्पर्धेला गेलो.

त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं आणि जे आठवतं ते विसरता येत नाही. हॉलच्या मागच्या खोलीत मी भिंतीला टेकून बसले होते. कणीक मळायलाही हात वर येईनात. शेवटी झांज वाजवणाऱ्या एका मावशीला म्हटलं, पिठाची पिशवी तुमच्याकडे दिली होती ना, तुम्हीच मळा. पिशवी मी दिलीच नव्हती. ती आमच्या पडवीत राहिली होती. मावशी मात्र मोठी कामाची बाई. तिने कुठल्याशा ओळखीच्या घरून पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, मऊसूत गोळा करून माझ्या हातात दिला. आमच्याकडे पीठ म्हणजे कुठलं हे कुणाला सांगावं लागत नाही. तांदळाचं. गोळा पांढराशुभ्र होता. तो हातात घेऊनही मला दिसला नाही, इतकी मी घाबरलेली.

पहिला अभंग निभावला. दुसऱ्यात वरच्या पंख्याच्या वाऱ्याने गोळ्याला भेगा पडल्या. तांदळाचं पीठ चिकटून राहतंय थोडंच! एक तुकडा मांडीवर पडला, मग दुसरा, मग उरलेलं सगळं एकदम. पखवाज टणटण बोलायला लागला. समोरून कुणीतरी हसलं, मग हॉल हसला, आणि माझे हात थांबले. काकी नुसत्या झांजांवर अभंग शेवटापर्यंत घेऊन गेली. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

बातमी आमच्याआधी गावात पोचली. पाणंदीत भेटेल तो विचारायचा, "काय गो, भाकरी भाजलंस काय?" मी बाहेर वाजवणं सोडलं. घरातही पखवाजाकडे पाठ करून बसायचे.

मग एका संध्याकाळी बाबांनी परात, पाण्याची वाटी आणि तो डबा माझ्यासमोर ठेवला.

"मळ."

मी मळायला घेतलं. ते बघत बसले. बाबांची एक सवय मला लहानपणापासून माहीत होती. ते कणीक कधी घरून मळून न्यायचे नाहीत, आणि दुसऱ्याने मळलेली कधी घ्यायचे नाहीत, आईच्या हातचीसुद्धा नाही. भजनाला बसले की सगळ्या लोकांसमोर, आरामात, तिथेच मळायचे. गाणारे बुवा खोळंबायचे, पेटीवर उगाच सूर धरून बसायचे. मला वाटायचं, हा बाबांचा तोरा आहे.

"तुमका कधी भीती वाटाक नाय?" मी विचारलं.

"अजून वाटता," बाबा म्हणाले. "हात कापतत माझे."

ज्यांच्या ठेक्यावर अख्खी वाडी डोलते त्यांचे हात कापतात? "मगे?"

"मगे काय? कणीक मळतंय. मळून होयसर कापाचे थांबतत."

इतकंच. पुढे त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि होडीचं बघायला गेले. मी मात्र तिथेच परातीत हात घालून बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की धीट माणसं वेगळ्या मातीची असतात आणि ती माती माझ्यात नाही. आणि घरातलाच माणूस सांगत होता की तोही भितो, फक्त भीती जाईपर्यंत लोकांना खोळंबून ठेवतो! मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही.

पुढच्या माघात गावच्या देवळात सप्ताह होता. सात दिवस नामाचा गजर अखंड चालतो, एकेका वाडीची पाळी असते. एका मंडळाने थांबायचं नाही, दुसऱ्याने त्यांच्या चालू ठेक्यात आपला ठेका मिसळायचा, मग पहिल्याने हात उचलायचे. नाद तुटता कामा नये. आजवर ही पाळी पुरुषांनीच धरलेली. काकीने मागणी केली की आमच्या वाडीच्या पाळीतला पहिला भाग बायकांना द्या. बैठकीत बरीच कुजबुज झाली. शेवटी मानकऱ्यांमधले एक वयस्कर आजोबा म्हणाले, "म्हणूंदेत बायकांनी. पण नाद तुटलो तर फुडच्या वर्साक इचारूक येव नकात."

दुपारची वेळ दिली, जेव्हा देवळात चार म्हातारे आणि एक कुत्रं असतं. काकी घरी येऊन म्हणाली, "बाये, आता तुझ्या हातात आसा." म्हणजे मी चुकले तर माझंच हसं होऊन भागणार नव्हतं. या बायका पुन्हा कधी देवळाच्या मंडपात बसल्या नसत्या.

त्या दुपारी चार म्हातारे नव्हते. पखवाज वाजवणारी बाई बघायला गाव लोटला होता. खांबाखांबाला माणसं, पायऱ्यांवर माणसं. पलीकडच्या वाडीचं मंडळ गजर करत होतं आणि त्यांचा पखवाजवाला आमची वाट बघत होता. मी बसले, आणि हात गार पडले. अगदी सावंतवाडीसारखे.

मी परात पुढे ओढली. डबा उघडला. पीठ घेतलं, पाण्याचा हबका मारला आणि मळायला लागले. घाई केली नाही. तो पखवाजवाला माझ्याकडे रागाने बघायला लागला, त्याचे हात भरून आले असणार. मी मळत राहिले. लोकांच्या नजरा माझ्या तोंडावरून परातीवर आल्या, ते मला स्पष्ट कळलं. सगळी माणसं कणकेकडे बघत होती. पायऱ्यांवरून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "गव्हाचा मां गो?"

मंडप हसला. मी मान वर न करता म्हटलं, "होय. भाकरी होयी तर मागसून घराक येवा."

मंडप पुन्हा हसला, पण आता माझ्या बाजूने. काकीचं हसणं सगळ्यात मोठं. गोळा तयार झाला होता. अर्धा मी ओल्या फडक्याखाली झाकला, अर्धा डाव्या तोंडावर थापला, एक थाप मारून बघितली. आवाज घुमला. आणि मी त्यांच्या ठेक्यात शिरले. पलीकडच्या पखवाजवाल्याने हात उचलले, तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला.

काकीने वरचा सूर लावला. मी वाजवत होते. पत्रा तापलेला, मंडपात उकाडा. मध्येच डाव्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. कणकेची कड सुकून उचलत होती. तुकडे मांडीवर पडताना डोळ्यांपुढे आले. पण हात थांबले नाहीत. उजवा हात ठेका धरून राहिला, डाव्याने मी वाटीत बोटं बुडवली, कडेवर पाणी फिरवलं, दाबलं आणि पुढच्या समेवर थाप दिली. नाद तुटला नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही. फक्त समोरच्या खांबापाशी उभ्या असलेल्या बाबांनी मान डोलावली. तिथून पुढे मला लोक दिसले, सगळे दिसले, आणि तरी मी वाजवत होते. मला वाजवायला मजा येत होती. ही गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा कळली.

आमची वेळ संपत आली तसं वाडीचं पुरुष मंडळ येऊन बसलं. बाबांनी देवळातला दुसरा पखवाज पुढ्यात घेतला. परात नव्हती, वाटी नव्हती. सगळा गाव त्यांच्या मळण्याची वाट बघतोय आणि हे हात मोकळे ठेवून बसलेले. मग ते माझ्याकडे वळले, सगळ्यांसमोर हात पुढे केला आणि गजरावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"माझा पीठ घराक इसरान ऱवला. तुझी कणीक उरली आसा काय?"

मंडपातल्या माणसांनी बघायला माना उंच केल्या. बाबा दुसऱ्याची कणीक घेत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी मानेनेच फडक्याकडे खूण केली, माझे हात ठेक्यात होते. त्यांनी गोळा उचलला, थापला, आणि माझ्या कणकेवर वाजवायला लागले. मी हात उचलले. त्या मानकरी आजोबांनी काकीला जाताना एवढंच विचारलं, की पुढच्या वर्षी बायकांना दुपारच हवी की संध्याकाळ?

आज त्याला बरीच वर्षं झाली. दोन हजार दहापर्यंत आमचं मंडळ मिठबावपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे जाऊन आलं. त्याच हॉलमध्येही बसलो आणि बक्षीस घेऊन आलो. माझे हात अजून कापतात. मी कणीक मळते, लोक खोळंबतात. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण सगळ्यात मोठा अभिमान त्या दुपारचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर कपडे धुवायला नेले. बाबांचा सप्ताहातला सदरा बादलीत बुडवला आणि खिशात काहीतरी जड लागलं. हात घालून बाहेर काढलं. कागदाची पुडी होती, पाण्याने भिजून तिचा गोळा झाला होता. मी कागद सोडवला आणि बोटांनी दाबून बघितलं.

गव्हाचं पीठ होतं.